धुऱ्यापलीकडचा झेल

आमच्या शाळेमागचे मैदान म्हणजे मुळात एक पडीत आहे. तीन बाजूंना शेते आणि चौथ्या बाजूला शाळेची भिंत. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाचा हंगाम संपला, की भोवतालच्या शेतांतली पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) उपटून तिचे ढीग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रचले जातात, आणि त्या ढिगांच्या आडोशाने हे मैदान एकाएकी चारी बाजूंनी बंदिस्त वाटू लागते. दारव्हा तालुक्यातल्या या गावात मी एकोणतीस वर्षे मराठी शिकवले. क्रीडाशिक्षकांच्या गैरहजेरीत शिट्टी गळ्यात अडकवण्याचे कामही बहुतेक वेळा माझ्याकडेच येई, कारण शाळेत उंच आवाजाचा माणूस मीच होतो. शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ असल्यामुळे आमच्या मुलींना ते चांगले येत होते. मला मात्र क्रिकेट येत होते, आणि क्रिकेट येणाऱ्या माणसाला बेसबॉल आपोआप येतो असा माझा समज होता.

शेजारच्या गावाच्या संघाशी झालेल्या एका सरावसामन्यात हा समज उघडा पडला. शेवटची इनिंग चालू होती, गुण बरोबरीत होते, एक बॅटर बाद झाली होती आणि माझी पुतणी तिसऱ्या बेसवर उभी होती. ती घरी, म्हणजे बॅटर जिथून मारते त्या होम प्लेटवर, पोहोचली असती तर धाव होऊन आमचा संघ जिंकला असता. पुढच्या मुलीने मारलेला बॉल तिसऱ्या बेसच्या रेषेबाहेर उंच गेला. समोरच्या संघाची मुलगी त्याच्यामागे धावत धावत थेट पऱ्हाटीच्या ढिगापर्यंत पोहोचली आणि काटक्यांत कोसळता कोसळता तिने तो झेलला. बॉल हवेत असतानाच मी "फाउल" म्हणून ओरडलो होतो, आणि मनातल्या मनात तो चेंडू केव्हाच मोडीत काढला होता. झेल झाल्यावर बॅटर बाद, एवढे मी कबूल केले. पण पुतणी मात्र बॉल त्या मुलीच्या हाती लागताक्षणी बेस सोडून घराकडे धावत सुटली होती. तिने होम प्लेटवर पाय ठेवल्यावर मी तिला हाताने मागे फिरवले आणि पुन्हा तिसऱ्या बेसवर उभे केले. पुढची मुलगी बाद झाली, सामना लांबला आणि आम्ही एका धावेने हरलो.

घरी आल्यावर तिने चहा घेतला नाही. रात्री जेवताना भाकरीचा तुकडा मोडत ती इतकेच म्हणाली, "काकाजी, फाउल झाला म्हून बॉल मरत नाई. पकडला तं तो जिताच राह्यते."

जिता आणि मेला हे आमच्या मुलींचे शब्द. पंच ज्याला खेळातला चेंडू म्हणतात तो त्यांच्या भाषेत जिता, आणि ज्यावर आता काहीच होऊ शकत नाही तो मेला. त्या एका वाक्याने माझी नेमकी कुठे फसगत झाली होती ते तिने सांगून टाकले, पण ते मला पुरते कळायला पुढचा सगळा उन्हाळा जावा लागला. मी नियमांचे पुस्तक मिळवून वाचले, आणि पहाटे साडेचारला उठून मोबाइलवर अमेरिकेतले सामने पाहिले, कारण न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आमच्याकडे म्हशी नुकत्याच उठलेल्या असतात.

चूक शब्दापासूनच सुरू होते. फाउल हा शब्द आम्ही लहानपणापासून वापरत आलो, तो "झाले गेले विसरा, पुन्हा डाव टाका" या अर्थाने. गोट्यांत कोणाचा पाय पुढे गेला तर फाउल, गिल्लीदांडूत गिल्ली कोणाच्या अंगणात गेली तर फाउल. त्या फाउलमध्ये हिशेब पुसला जात असे. बेसबॉलचा फाउल हिशेब पुसत नाही. तो फक्त बॉल कुठे आहे ते सांगतो. बॉल जिता आहे की मेला, हा प्रश्न त्यानंतरचा आणि वेगळा आहे. मी हे दोन्ही प्रश्न एकच समजलो होतो.

आधी कुठे हा प्रश्न घेऊ. होम प्लेटच्या टोकापासून दोन रेषा निघतात, एक पहिल्या बेसवरून आणि दुसरी तिसऱ्या बेसवरून, थेट कुंपणापर्यंत. त्यांच्यात काटकोन असतो. काटकोनाच्या आतला भाग म्हणजे फेअर, बाहेरचा सगळा फाउल. क्रिकेटमध्ये वाढलेल्या माणसाला हे फार कंजूषपणाचे वाटते. आमच्या फलंदाजाला सगळ्या तीनशे साठ अंशांत मारण्याची मोकळीक असते आणि यष्टिरक्षकाच्या मागे सरकवलेल्या चौकाराला आम्ही टाळ्या देतो. बेसबॉलमध्ये नव्वद अंश तुमचे, उरलेले दोनशे सत्तर परक्याचे.

मग रेषा कोणाची? हा प्रश्न विदर्भात कोणाही शेतकऱ्याला विचारा, तो आधी घसा खाकरेल. आमच्याकडे दोन शेतांमधल्या बांधाला धुरा म्हणतात, आणि धुऱ्यावरून झालेले वाद तीन तीन पिढ्या चालतात. धुरा अर्धा याचा आणि अर्धा त्याचा, असे तोंडाने सगळे म्हणतात, पण वखर चालवताना दरवर्षी वीतभर माती कोण कोणाकडे ओढतो ते दोघांनाही ठाऊक असते. बेसबॉलने हा वाद पहिल्याच पानावर मिटवून टाकला आहे. रेषा संपूर्णपणे आतल्या बाजूची. फक्कीच्या पांढऱ्या पट्ट्यावर पडलेला बॉल फेअर. पहिला आणि तिसरा बेस पूर्ण आत, पाच कोनांची सतरा इंच रुंद होम प्लेटही पूर्ण आत. रेषेच्या टोकाला कुंपणापाशी जो उंच खांब असतो त्याला सगळे फाउल पोल म्हणतात, पण उडत आलेला बॉल त्या खांबाला लागला तर तो फेअर धरून होम रन दिला जातो. खांबाचे नाव उलटे पडले आहे. आमच्या गावातही ज्याला गोटे, म्हणजे टकले, म्हणतात त्या माणसाच्या डोक्यावर चांगले भरगच्च केस आहेत, त्यामुळे मला याचे विशेष नवल वाटले नाही. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात बोस्टनचा कार्लटन फिस्क याने बाराव्या इनिंगमध्ये मारलेला बॉल डाव्या रेषेच्या अगदी कडेने गेला, तेव्हा तो पळायचे सोडून दोन्ही हातांनी हवेतल्या बॉलला "आत ये, आत ये" असे खुणावत राहिला. बॉल त्याच खांबाला लागला आणि बोस्टनने सामना ७-६ असा जिंकला. शेळी धुरा ओलांडून दुसऱ्याच्या तुरीत शिरू पाहते तेव्हा गुराखी अलीकडून जसे हातवारे करतो, अगदी तसे ते दृश्य आहे.

पण रेषा कळली म्हणजे फाउल कळला असे होत नाही, कारण बेसच्या अलीकडे आणि पलीकडे न्याय वेगळा आहे. उडालेला बॉल पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या पलीकडे पडला, तर तो पहिल्यांदा कुठे टेकला तेवढेच पाहायचे. आत टेकून मग बाहेर घरंगळला तरी फेअर. बेसच्या अलीकडे मात्र पहिला टप्पा कुठे पडला याला किंमत नाही. तिथे तो शेवटी कुठे थांबतो, किंवा बेस ओलांडताना रेषेच्या कोणत्या बाजूला असतो, ते पाहायचे. म्हणजे होम प्लेटसमोर बाहेर पडलेला बॉल गोल फिरून, कोणाचाही स्पर्श न होता, आत येऊन थांबला तर तो फेअर झाला. पंचाने घाई करायची नाही. मी जी केली ती हीच, बॉलचे अजून काहीच ठरलेले नसताना तोंड उघडणे.

या अलीकडच्या पट्ट्यातली एक गंमत मला फार आवडते. १९८१ मध्ये सिएटल मरिनर्सचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू लेनी रँडल याने आपल्या रेषेवरून हळूहळू घरंगळत येणारा बॉल पाहिला. हात लावावा तर तो फेअर ठरणार होता. म्हणून तो गुडघे आणि हात टेकून खाली वाकला आणि चुलीत फुंकर घालावी तशी त्याने बॉलला फुंकर घातली. बॉल बाहेर गेलाही, पण पंचांनी शेवटी बॅटरला पहिला बेस देऊन टाकला.

आणखी एक गोष्ट, जी मी कोणालाही समजावताना आता बोरीच्या झाडाने समजावतो. बॉल फेअर की फाउल हे बॉलच्या जागेवरून ठरते, पकडणारा कुठे उभा आहे त्यावरून नाही. बोरीचे खोड धुऱ्यापलीकडे असले तरी जी फांदी माझ्या शेतावर वाकली आहे तिची बोरे माझ्या शेतात पडतात. तसाच खेळाडूचा देह रेषेबाहेर असेल, पण त्याने हात लांबवून बॉलला स्पर्श केला त्या क्षणी बॉल आतल्या जमिनीवर असेल, तर तो फेअर.

आता झेलाकडे येतो, कारण खरा पेच तिथेच आहे.

आमच्या गल्लीत क्रिकेट खेळताना एक टप्पा आउट हा नियम सर्रास असतो. जागा अरुंद, भिंती जवळ, म्हणून टप्पा पडलेला बॉल एका हाताने पकडला तरी बाद. हा नियम पोरांची सोय आहे, खऱ्या खेळात तो चालत नाही, असे मी वर्गात अनेकदा म्हटले असेन. नियमांचा इतिहास वाचताना मी खजील झालो. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये लिहून काढलेल्या नियमांत बेसबॉल हा चक्क एक टप्पा आउटचा खेळ होता. हवेतला असो की एका टप्प्यावरचा, पकडला की बाद. पुढे मोठी माणसे म्हणू लागली की टप्प्यावर पकडणे हे पोरखेळाचे लक्षण आहे. बराच काथ्याकूट झाल्यावर १८६४ च्या डिसेंबरात फेअर बॉलवरची टप्प्याची सवलत काढली गेली. फाउल बॉलवर मात्र ती आणखी बरीच वर्षे राहिली आणि नॅशनल लीग या अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगने ती १८८३ मध्ये काढली. म्हणजे आमच्या गल्लीतली पोरे आडाणी नाहीत, ती फक्त एकोणिसाव्या शतकात खेळतात.

त्याच काळात अलीकडच्या पट्ट्याचा नियम आजच्यासारखा नव्हता. पहिला टप्पा आत पडला की बॉल फेअर, मग तो पुढे कुठेही जावो. शिकागोच्या रॉस बार्न्स याने ही फट ओळखली. तो बॉल असा हाणायचा की होम प्लेटसमोर आत टेकून तो बाहेरच्या मोकळ्या मैदानात पळून जाई आणि क्षेत्ररक्षक त्याच्यामागे धावत राहत. १८७६ मध्ये, म्हणजे नॅशनल लीगच्या पहिल्याच हंगामात, त्याची सरासरी ०.४२९ होती, म्हणजे दर हजार संधींत ४२९ यशस्वी फटके. १८७७ मध्ये नियम बदलला. वहिवाट कायद्यात बसत असली तरी ती कोणी फार उघडपणे वापरू लागले की गावकरी एकत्र येऊन वाट बंद करतात.

फाउलची किंमत कशी मोजतात ते थोडक्यात सांगतो. तीन स्ट्राइक, म्हणजे बॅटरच्या नावावरच्या तीन चुका, झाल्या की ती बाद. पहिले दोन फाउल स्ट्राइक म्हणून मोजले जातात, आणि दोन स्ट्राइक झाल्यावर कितीही फाउल मारले तरी बॅटर त्यांनी बाद होत नाही. अपवाद फक्त बंटचा. दोन स्ट्राइक असताना हळूच टेकवलेला बॉल फाउल गेला तर बाद. पूर्वी फाउलचा स्ट्राइकच धरत नसत, त्यामुळे चिवट बॅटर पिचरचा, म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा, हात गळेपर्यंत फाउल मारत उभा राही. नॅशनल लीगने १९०१ मध्ये आणि अमेरिकन लीगने १९०३ मध्ये हे बदलले. तरीही चिवटपणा संपलेला नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रँडन बेल्ट याने एकाच पाळीत २१ बॉल खेळून काढले आणि त्यांतले १६ फाउल मारले. एवढा खटाटोप करून शेवटी एकविसावा बॉल त्याने उजवीकडे उंच मारला आणि तो झेलला गेला.

हवेतला फाउल झेलला की बॅटर बाद, हे क्रिकेटच्या माणसाला सहज पटते. पटत नाही ते पुढचे. क्रिकेटमध्ये झेल घेतला की त्या चेंडूपुरता खेळ संपतो, फलंदाज तंबूत जातो आणि क्षेत्ररक्षक एकमेकांच्या गळ्यात पडतात. बेसबॉलमध्ये झेलाने खेळ संपत नाही. फाउल बॉल जमिनीवर पडला तर तो मेला आणि सगळ्या रनरनी, म्हणजे बेसवर असलेल्या खेळाडूंनी, आपापल्या बेसवर परत यायचे. तोच बॉल कोणी झेलला तर तो जिता, आणि रनरला आपल्या बेसला पाय लावून पुढे धावण्याची पूर्ण मुभा. म्हणजे जमिनीवर पडला तर मरतो आणि पकडला तर जगतो. अशी वस्तू आमच्या शेतीव्यवहारात तरी माझ्या पाहण्यात नाही.

रनरने बेस कधी सोडावा यातही नियमाने मोठी दूरदृष्टी दाखवली आहे. झेल पूर्ण झाल्यावर नाही, तर क्षेत्ररक्षकाचा बॉलला पहिला स्पर्श झाल्यावर. तसे नसते तर एखाद्या हुशार खेळाडूने बॉल या हातातून त्या हातात उडवत, झेल मुद्दाम पुरा न करता, चालत चालत बेसजवळ आणला असता आणि रनर बिचारा बेसला खिळून राहिला असता. माझी पुतणी त्या दिवशी बॉल त्या मुलीच्या हाती लागेपर्यंत बेसवर पाय रोवून उभी होती आणि नेमक्या त्या क्षणी सुटली होती. तिने नियमाचे प्रत्येक अक्षर पाळले होते.

यातून एक गोष्ट निघते, जी मला वैशाखातल्या एका पहाटे सामना पाहताना लख्ख कळली आणि मी अंगणात एकटाच हसलो. शेवटची इनिंग, बरोबरी, तिसऱ्या बेसवर रनर आणि दोनपेक्षा कमी बाद, अशा वेळी दूरवर गेलेला फाउल बॉल शहाण्या क्षेत्ररक्षकाने पकडू नये. पडू द्यावा. पडला तर तो मेला आणि रनर जागच्या जागी. पकडला तर बॅटर बाद होईल, पण तेवढ्या लांबून फेक येईपर्यंत रनर घरी पोहोचून सामना जिंकून देईल. म्हणजे पऱ्हाटीच्या काटक्यांत अंग ओरबाडून घेणाऱ्या त्या मुलीने, जिला मी स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या, आपला संघ हरवणारा झेल घेतला होता. तिची चूक माझ्या चुकीने झाकली, आणि दोन्ही चुकांचे बिल माझ्या पुतणीच्या नावावर फाटले.

झेल कशाला म्हणायचे यावरही त्या उन्हाळ्यात आमच्याकडे बरीच चर्चा झाली. बॉल हाताला लागणे म्हणजे झेल नाही. तो हातात किंवा ग्लोव्हमध्ये पक्का धरला गेला पाहिजे, त्यावर पूर्ण ताबा दिसला पाहिजे, आणि हातातून सुटताना तो स्वतःच्या इच्छेने सोडलेला असला पाहिजे. बॉल पकडून लगेच कुंपणावर आदळले आणि त्या धक्क्याने तो निसटला तर झेल नाही. पण पकडून झाल्यावर, फेकण्यासाठी हात मागे नेताना तो सुटला तर झेल पक्का. क्रिकेटमध्ये दोरीला पाय लागला की झेल गेला. इथे मात्र बॉल घट्ट धरून खेळाडू कुंपणापलीकडे पडला तरी बॅटर बादच, फक्त रनरना एक बेस पुढे मिळतो. टोपीत, खिशात किंवा कपड्यात घेतलेला बॉल झेल नव्हे. हे मी मुलींना सांगितले तेव्हा एकीने विचारले, "ओटीत घेतला तं?" कापूस वेचताना बायका कमरेला जी ओटी बांधतात ती या मुलींच्याही कमरेला सुट्टीच्या दिवशी असते, आणि बोंडातला कापूस न पाहता ओटीत टाकण्याची त्यांच्या हातांना सवय आहे. ओटीतला कापूस आपला, पण ओटीतला बॉल आपला नाही, असे मी म्हणालो. फेअर बॉल मुद्दाम टोपी काढून त्यात घेतला तर रनरना तीन तीन बेस बहाल होतात हेही सांगितले. तेव्हापासून सरावाला कोणीच टोपी घालून येत नाही, हा माझ्या शिकवण्याचा एक अनावश्यक परिणाम.

झेलाला रेषा नसते, पण कुंपण असते. २००३ च्या ऑक्टोबरात शिकागो कब्ज आपल्या मैदानावर ३-० असे पुढे होते, आठवी इनिंग चालू होती, आणि वर्ल्ड सिरीज त्यांच्यापासून पाच बाद एवढीच दूर होती. फ्लोरिडा मार्लिन्सच्या बॅटरने मारलेला फाउल डाव्या भिंतीच्या काठावर आला. मोइझेस आलू याने उडी मारून हात वर नेला, पण भिंतीमागच्या प्रेक्षकांनीही हात पुढे केले आणि बॉल एकाच्या हाताला लागून उडाला. प्रेक्षकाने मैदानात वाकून अडथळा केला असता तर पंचांना बॅटरला बाद देता आले असते. पण बॉल भिंतीपलीकडे, प्रेक्षकांच्या हद्दीत असेल तर तिथे हात घालणाऱ्या खेळाडूने तो स्वतःच्या जबाबदारीवर घालायचा असतो, आणि पंचांनी तसाच निर्णय दिला. नियमाच्या भाषेत तो एक साधा फाउल होता, मेलेला. त्यानंतर मार्लिन्सनी त्याच इनिंगमध्ये आठ धावा काढल्या आणि सामना ८-३ असा जिंकला. कब्जनी त्या धावा स्वतःच्या हातांनी दिल्या, तरी दोष वर्षानुवर्षे त्या प्रेक्षकाच्या माथी राहिला. मला त्याचे वाईट वाटते. डोक्यावर येणारी वस्तू पकडायला हात उचलला जातो, त्याआधी कोणी नियमाचे पान उलटत नाही.

यंदा उलंगवाडी झाल्यावर आम्ही पुन्हा मैदान आखले. फक्कीची गोणी मी धरली, दोरी पुतणीने ताणली आणि नव्वद फुटांचे माप पावलांनी न मोजता टेपने मोजले. तिसऱ्या बेसच्या बाहेर, धुऱ्यावर एक जुना कडुनिंब आहे आणि त्याच्या फांद्या बऱ्याच पुढे आल्या आहेत. सराव सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, तेवढ्यात एक उंच फाउल त्या फांद्यांत शिरला, पाने झडली, आणि बॉल खालच्या मुलीच्या ग्लोव्हमध्ये अलगद येऊन पडला. ती नाचू लागली. तिसऱ्या बेसवरून रनर सुटली. दोन्ही बाजूंच्या मुलींनी एकदमच माझ्याकडे पाहिले, आणि पुतणीने सगळ्यांत आधी. फाउल हद्दीत झाडाला लागलेला बॉल तिथेच संपतो, मग तो कोणाच्याही हातात पडो. बाद नाही, धाव नाही. या वेळी मी वाट पाहिली होती. दोन्ही हात वर करून मी माझ्या त्या उंच आवाजात ओरडलो, "मेला! मेला!"

धुऱ्यावरून सायकल ढकलत नेणारे एक म्हातारे गृहस्थ जागीच थांबले. त्यांनी डोक्यावरचा शेला काढून हातात घेतला आणि काळजीच्या सुरात विचारले, "कोन मेलं जी, गुर्जी?"